रांगेत म्हातारे करू नका

प्रति,
कुटुंबव्हिसाचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या कायदेमंडळांचे सदस्य आणि इमिग्रेशन खात्यांचे मंत्री

स. न. वि. वि.

परदेशातल्या नातेवाइकाने स्पॉन्सर केलेल्या व्हिसाचे अर्ज भरून देणे, कागद क्रमाने लावून देणे, खात्याकडून आलेल्या पत्राचा अर्थ समजावून सांगणे ही कामे मी बरीच वर्षे ओळखीपाळखीत करते आहे. मी वकील नाही, एजंट नाही, पैसे घेत नाही. तुमचे कायदे मी शिकले ते फॉर्मच्या रकान्यांमधून आणि त्या रकान्यांत न मावणाऱ्या माणसांकडून. त्यातून माझे जे ठाम मत झाले आहे ते आधीच सांगते. तुमच्या नकाराने घरे जितकी मोडतात, त्याहून जास्त ती तुम्ही हो म्हणून ताटकळत ठेवल्याने मोडतात.

नकाराचे पत्र आले की माणसे रडतात, चिडतात आणि मग हळूहळू पुढचा विचार करू लागतात. तिकडची नोकरी सोडून परत यायचे का, वडिलांना बहिणीकडे ठेवायचे का, लग्नानंतर कुठल्या तिसऱ्या देशात राहता येईल का. मार्ग अवघड असतात, पण निर्णय तरी घेता येतो. ज्यांचा अर्ज मंजूर झाला आहे आणि ‘फक्त नंबर यायचा’ आहे, त्यांना कुठलाच निर्णय घेता येत नाही. घर विकायचे की नाही, मुलीला कुठल्या भाषेच्या शाळेत घालायचे, बढती घ्यायची की नाकारायची, सगळे टांगणीला. आणि हे महिन्यांचे नव्हे, वर्षावर्षांचे.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण तिथले आकडे कायद्यातच लिहिलेले आहेत. १९६५ च्या कायद्याने मूळ देशानुसार ठरवलेले जुने कोटे मोडीत काढले आणि नातेसंबंधांना पहिला मान दिला. हे मोठे काम होते आणि त्याबद्दल त्या पिढीच्या कायदेमंडळाचे ऋण मानायला हवे. पण आजची रचना १९९० च्या कायद्यातून आली. अमेरिकन नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालची अविवाहित मुले आणि आईवडील यांच्यावर संख्येची मर्यादा नाही. बाकीच्या नात्यांसाठी वर्षाला २,२६,००० ही किमान संख्या कायद्यात आहे, आणि वर्षानुवर्षे व्यवहारात तीच कमाल होऊन बसते. भावंडांच्या वर्गाला त्यातले ६५,००० मिळतात. त्यावर आणखी एक अट आहे, कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही. देशाची लोकसंख्या लाखात असो की अब्जात, हिस्सा तोच.

याचा हिशोब कुणीही करू शकतो. दरवर्षी जितके अर्ज घेतले जातात त्याहून कितीतरी कमी नंबर सुटतात. तरीही अर्ज घेतले जातात, फी घेतली जाते, ‘मंजूर’ असे पत्रही येते. मग लोक दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारे सरकारी पत्रक, उघडून ती तारीख आपल्या प्रायॉरिटी डेटकडे, म्हणजे अर्ज दाखल झाल्याच्या तारखेकडे, किती सरकली ते पाहत बसतात. कधी दोन आठवडे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी मागेही जाते. भारतातल्या भावंडांच्या वर्गात आज ज्यांना बोलावणे येते त्यांच्या अर्जाला पंधरा वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतात. मेक्सिकोच्या भावंडांची प्रतीक्षा वीस वर्षांपलीकडे गेली आहे. पंचेचाळिशीत अर्ज भरलेला माणूस पासष्टाव्या वर्षी नवा देश, नवे काम, नवी भाषा सुरू करणार, हे कागदावर शक्य आहे. प्रत्यक्षात तोवर तो आजोबा झालेला असतो, आणि ज्या मुलांसाठी तो निघणार होता ती आपापल्या मार्गाला लागलेली असतात.

ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या व्हिसाबद्दल हे आणखी उघडपणे घडते. साध्या वर्गात नव्याने अर्ज करणाऱ्यांना खात्याने स्वतःच जवळपास तीस वर्षांचा अंदाज सांगितला आहे. दुसरा, भरघोस पैसे भरण्याचा वर्ग आहे. तिथे माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त मोजावे लागतात, आणि तरीही थांबायचे ते दहा वर्षांहून जास्तच. साठीतल्या आईला तीस वर्षांची रांग दाखवणे याला मी नकारच म्हणते. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनेच नेमलेल्या स्थलांतर व्यवस्थेच्या पुनरावलोकनात, जो व्हिसा बहुधा कधीच मिळणार नाही त्यासाठी लोकांना अर्ज करू देणे क्रूर आणि अनावश्यक आहे, असे लिहिले गेले. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने हे म्हणण्यापेक्षा त्याचे वजन जास्त आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

कॅनडाने रांगेऐवजी सोडत आणली. आईवडिलांना स्पॉन्सर करायची इच्छा असल्याचे फॉर्म २०२० मध्ये भरून घेतले आणि २०२१ ते २०२४ या वर्षांची बोलावणी त्याच गठ्ठ्यातून काढली. ज्यांना २०२० नंतर कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, त्यांना त्या गठ्ठ्यात नाव घालायची सोयच नव्हती. सोडतीत निदान आशा थोडक्यात आटोपते, पण ज्याचे वडील अंथरुणाला खिळले आहेत आणि ज्याचे ठणठणीत आहेत त्या दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात, हे मला पटत नाही.

आता मुलांकडे येते, कारण रांगेची सर्वांत मोठी किंमत तीच मोजतात. अर्ज भरताना मूल चार वर्षांचे असते. नंबर येतो तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि ‘मूल’ या व्याख्येतून बाहेर पडते. आईवडिलांना व्हिसा मिळतो, धाकट्याला मिळतो, थोरलीला मिळत नाही. लोक याला ‘एज आउट झाली’ म्हणतात, आणि घरात या गोष्टीवर जी भांडणे होतात ती मी पाहिली आहेत. जायचे तर थोरलीला मागे ठेवायचे, न जावे तर धाकट्याची संधी घालवायची. नंबर लागल्याच्या आनंदाच्या दिवशीच हा पेच समोर येऊन उभा राहतो.

अमेरिकेने २००२ मध्ये यावर कायदा केला. अर्ज तपासायला खात्याला जितका वेळ लागला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. हेतू चांगला होता. पण अर्ज मंजूर झाल्यानंतर नंबरची वाट पाहण्यात जी वर्षे जातात ती वजा होत नाहीत, आणि खरी वर्षे तर तिथेच जातात. २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकन नागरिकांची विवाहित मुले आणि भावंडे यांच्या अर्जांत जोडलेली जी मुले वय ओलांडून बाहेर पडतात, त्यांना मूळ अर्जाची जुनी तारीख पुढे वापरता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे थोरलीने पुन्हा शून्यापासून रांगेत उभे राहायचे.

हे टाळता येते. कॅनडात अर्ज खात्याकडे पोचला त्या दिवशीचे मुलाचे वय धरतात, पुढे खात्याने कितीही वेळ लावला तरी. (त्याच देशाने २०१४ मध्ये वयाची मर्यादा २२ वरून १९ वर आणली होती आणि २०१७ मध्ये पुन्हा २२ केली. चूक दुरुस्त करता येते याचेही ते उदाहरण आहे.) युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये निर्वासित मुलांबाबत असाच निकाल दिला. आश्रयाचा अर्ज करताना जो अठरा वर्षांखालचा होता तो प्रक्रिया चालू असताना अठरा वर्षांचा झाला, तरी आईवडिलांना बोलावण्याच्या हक्कापुरता तो अल्पवयीनच धरायचा. नाहीतर दिरंगाई करणाऱ्या खात्यालाच दिरंगाईचा फायदा मिळेल, हे त्यामागचे कारण साधे आणि न्याय्य आहे. माझी पहिली मागणी हीच आहे. अर्जाच्या दिवशी जे वय, तेच शेवटपर्यंत.

लग्नाचेही असेच. ग्रीन कार्डधारकाच्या सज्ञान अविवाहित मुलासाठी अमेरिकेत वर्ग आहे, विवाहित मुलासाठी नाही. रांगेत असताना मुलाने लग्न केले की अर्जच बाद होतो. वडील नागरिक होईपर्यंत मुलीने लग्न पुढे ढकलायचे, की लग्न करून रांग सोडायची? कुठल्याही सरकारने कुठल्याही तरुण माणसाला असा प्रश्न घालू नये. ज्या कायद्याचा उद्देश कुटुंब जोडणे आहे, त्याच्या धाकाने कुणी कुटुंब सुरू करायचे थांबावे, यात कुणाचेच हित मला दिसत नाही.

रांग लांब असली तरी मध्ये भेटता आले असते तर निम्मे दुःख कमी झाले असते. ते बहुतेकदा होत नाही, आणि याबद्दल बाहेर फार कमी बोलले जाते. कायमच्या व्हिसाचा अर्ज प्रलंबित आहे म्हटले की पर्यटक व्हिसाच्या खिडकीवर संशय सुरू होतो. अमेरिकेच्या कायद्यात तर प्रत्येक पाहुणा हा राहायलाच आला आहे असे गृहीत धरायचे आणि तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे, असेच कलम आहे. ज्याच्या नावावर राहायला येण्याचा अर्जच पडून आहे, त्याने ते कसे सिद्ध करावे? परिणाम असा की ज्यांनी नियमाने अर्ज केला तेच नातवाच्या जन्माला, सुनेच्या आजारपणात, भावाच्या शेवटच्या दिवसांत जाऊ शकत नाहीत. ज्यांनी कधी अर्जच केला नाही ते शेजारी फिरून येतात. प्रामाणिकपणाची शिक्षा मिळते असे माणसांना वाटू लागले तर नियमांवरचा विश्वास कसा टिकणार?

इथे कॅनडाचा सुपर व्हिसा मला खरोखर आवडतो. २०११ च्या अखेरीस तो सुरू झाला. आईवडील आणि आजीआजोबांसाठी आहे, दहा वर्षांपर्यंत चालतो, अनेकदा ये-जा करता येते, आणि २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो, मुलाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागते. विम्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही हे खरे. तरी कायम वास्तव्याची इच्छा आणि तात्पुरती भेट या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात, हे त्या व्यवस्थेने मान्य केले आहे. बाकीच्या देशांनी एवढे जरी उचलले तरी हजारो घरांत कुणीतरी कुणालातरी प्रत्यक्ष पाहील. माझी दुसरी मागणी ही.

उत्पन्नाच्या अटीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिला माझा मुळातून विरोध नाही. बोलावणाऱ्याने सांभाळायची जबाबदारी घ्यावी, हे रास्त आहे. प्रश्न आकडा कुठे ठेवता याचा आहे. अमेरिकेत तो गरिबीरेषेच्या १२५ टक्के आहे. ब्रिटनमध्ये जोडीदाराला आणायला २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंडांचे उत्पन्न लागे, एप्रिल २०२४ मध्ये ते २९,००० झाले. जोडीदार परदेशात जे कमावतो ते यात धरत नाहीत. दुकानात, गोदामात, पाळणाघरात पूर्ण वेळ राबणाऱ्या कितीतरी लोकांचा पगार त्या आकड्याखाली येतो. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने किमान उत्पन्नाची कल्पना तत्त्वतः मान्य केली, पण नियमांत मुलांच्या हिताचा पुरेसा विचार केलेला नाही असेही बजावले. त्याआधी २०१० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले होते की कुटुंब एकत्र आणणे हा नियम आहे आणि उत्पन्नाची अट त्या नियमाचा उद्देशच हाणून पाडेल अशी लावता येणार नाही. माझ्या मते प्रामाणिक पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला जो आकडा गाठता येत नाही, तो आकडा चुकीचा आहे.

पण ब्रिटनच्या दोन नियमांवर मला थांबावेच लागेल. परावलंबी वृद्ध नातेवाइकांसाठी २०१२ मध्ये नियम बदलले. आता आईला आणायचे तर तिला रोजच्या वैयक्तिक कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि मुलाने पैसे पाठवूनही ती मदत तिच्या देशात मिळू शकत नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. म्हणजे चालती-बोलती असेल तर ती यायला पात्र नाही, आणि पात्र होण्याइतकी खचली की विमानात बसवायची नाही. पैसे देऊन बाई ठेवता येते म्हणून मुलाची गरज नाही, असे त्या नियमाचे म्हणणे. अंघोळ घालायला माणूस मिळतो. रात्री दचकून जागी झालेल्या, माणसे विसरत चाललेल्या आईला ओळखीचा आवाज लागतो, तो पगारावर मिळत नाही.

दुसरा नियम ११ मार्च २०२४ चा. वृद्धांची सेवा करायला त्या तारखेपासून परदेशांतून नव्याने आणलेल्या केअर वर्करना आपला जोडीदार आणि मुले सोबत आणायला बंदी झाली. दुसऱ्याच्या आईला जेवू घालणाऱ्या, तिची औषधे सांभाळणाऱ्या बाईला तुम्ही सांगितलेत की तुझे श्रम हवेत, तुझे मूल नको. मी या पत्रात सौम्य राहण्याचा प्रयत्न केला आहे, पण याला मी अन्यायच म्हणेन. ज्याला कामासाठी वर्षानुवर्षे ठेवून घ्यायचे आहे, त्याचे मूल त्याच्याजवळ असू द्या. संख्या कमी करायची असेल तर कमी माणसांना बोलवा, पण ज्यांना बोलवाल त्यांना पूर्ण बोलवा.

नाते खरे आहे हे पटवण्याची तऱ्हाही पाहा. नवरा-बायकोंच्या फाइलमध्ये मी लग्नाचे फोटो लावले आहेत, फोनच्या नोंदी लावल्या आहेत, एकमेकांना पाठवलेले खासगी निरोप छापून लावले आहेत. ते निरोप मी वाचू नयेत म्हणून कागद उलटे धरून देणाऱ्या मुली मला आठवतात. खोटी लग्ने होतात, तपासणी हवी, हे मला मान्य आहे. पण एका अधिकाऱ्याला लग्न ‘पटले’ नाही म्हणून दोन ओळींत नकार येतो आणि नेमके काय पटले नाही हे कळत नाही, तेव्हा दुसऱ्या अर्जात सुधारायचे तरी काय? कारण लिहून द्या. पुरेशा तपशिलाने द्या.

आणि स्पॉन्सर या माणसाच्या हाती तुम्ही किती सत्ता देता याचाही विचार करा. सोबत आलेल्या बायकोचा राहण्याचा हक्क नवऱ्याच्या सहीवर असतो. आखाती देशांत तर स्पॉन्सरची नोकरी गेली की साऱ्या घराचा व्हिसा जातो. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे जाण्याआधी व्हिसाचा विचार करते. अमेरिकेने १९९४ मध्ये अशा जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची वाट दिली. ही वाट प्रत्येक देशात हवी, आणि आल्या दिवशीच तिच्या भाषेत तिला सांगितलेली हवी.

तुमची बाजू मला कळत नाही असे समजू नका. घरे अपुरी आहेत, दवाखान्यांवर ताण आहे, मतदार विचारतात. किती माणसे घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि सगळी दारे उघडा असे मी म्हणत नाही. पण तुम्ही स्वतः काही शब्द दिले आहेत. कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक आणि मूलभूत घटक आहे आणि त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, हे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहे. मूल आणि पालक यांनी एकत्र येण्यासाठी केलेले अर्ज माणुसकीने आणि तत्परतेने हाताळावेत, हे १९८९ च्या बालहक्क करारात आहे. अमेरिका सोडल्यास तुमच्यापैकी जवळजवळ सर्वांनी तो मान्य केलेला आहे. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशात निर्णयासाठी नऊ महिन्यांची मुदत घातली, अपवादात्मक परिस्थितीत ती वाढवता येते. मुदत घालता येते याचा हा पुरावा आहे.

म्हणून तिसरी मागणी. जितके नंबर सोडणार आहात त्याच्या प्रमाणातच अर्ज घ्या. नवा अर्ज घेताना पावतीवरच, आजच्या गतीने या वर्गात किती वर्षे लागतील ते लिहा, आणि तो आकडा दरवर्षी अर्जदाराला कळवा. तो आकडा तीस असेल तर तो वर्ग बंद केल्याचे लोकांसमोर जाहीर करण्याची हिंमत दाखवा. बंद दाराचा राग तुमच्यावर निघेल, निवडणुकीत निघेल. तो तुम्ही सोसायला हवा. आज तो राग घराघरांत एकमेकांवर निघतो. तू नीट कागद दिले नाहीस, तू वेळेवर नागरिकत्व घेतले नाहीस, तुला आम्ही नकोच होतो.

शेवटी एक कलम, जे बदलायला पैसे लागत नाहीत आणि एकही नंबर वाढवावा लागत नाही. अमेरिकेत स्पॉन्सर करणारा रांग चालू असताना वारला तर मंजूर झालेला अर्ज आपोआप रद्द होतो. २००९ च्या दुरुस्तीने जे नातेवाईक त्या वेळी अमेरिकेतच राहत होते त्यांना संरक्षण मिळाले. जे बाहेर वाट पाहत होते त्यांच्यासाठी उरते ती अधिकाऱ्याच्या मर्जीवरची दयेची विनंती. वीस वर्षांच्या रांगेत साठीतला भाऊ मरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भावाच्या निधनाच्या बातमीमागून काही महिन्यांनी त्याच्या बहिणीला अर्ज रद्द झाल्याचे पत्र येते. त्या घरात त्याची बायको असते, मुले असतात, कमावणारी आणि जबाबदारी घ्यायला तयार. त्यांना स्पॉन्सरच्या जागी उभे राहू द्या आणि बहिणीची मूळ तारीख तशीच ठेवा. हे दयेवर न सोडता हक्क म्हणून कायद्यात लिहा, आणि जी माणसे आज रांगेत आहेत त्यांनाही ते लागू करा.

कळावे,
अर्ज भरून देणारी एक